पावसात गाडी चालवताना



आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं आता गाडी मागायच्या वयाला आलीत, म्हणून दोन शब्द. पावसाळ्यात मी मोटरसायकलवरून गगनबावड्याला जाते. नववीत पाठ केलेलं घर्षण मला त्या रस्त्यावर कळलं.

पहिल्या सरीत तेल आणि धूळ मिसळून रस्ता सर्वांत निसरडा होतो. पांढऱ्या पट्ट्यांवर, गटाराच्या झाकणांवर ब्रेक दाबू नये. वेग वळणाआधीच कमी करावा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू लावावेत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर गाडी थांबायचं अंतर चौपट होतं. हे गणित बाईंनी फळ्यावर सोडवलं होतं, आठवतंय?

आणि आपली पंचगंगा! राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. वाहत्या पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही. तिथून माघारी फिरायचं.

गेल्या वर्षी अशाच पाण्यापासून गाडी वळवली, तर मागं बसलेली लेक म्हणाली, "आई, घाबरलीस?"

म्हटलं, "होय. म्हणून तर रात्री घरी जेवणार आहोत."

मुलांना गाडी द्या, मुलींनाही द्या. पण सोबत माघारी फिरायलाही शिकवा.