गिटारीची पोकळी

तंबोऱ्याचा भोपळा काढून घेतला, तर उरलेल्या दांडीवरच्या तारा शेजारच्या माणसासही नीट ऐकूं जाणार नाहींत. स्वर तारेचा, पण त्याला भरदारपणा येतो तो पोकळीमुळें. पाश्चात्त्यांच्या गिटारीचीही गोष्ट हीच आहे. अमेरिकेंतील गिब्सन कंपनीनें १९२२ च्या सुमारास एल-५ नांवाची गिटार काढली, तेव्हां तिच्या फुगीर माथ्यावर व्हायोलिनप्रमाणें इंग्रजी एफ् अक्षराच्या आकाराचीं दोन छिद्रें ठेवलीं. आवाज दूरवर जावा, हा हेतु. तरीही नृत्यगृहांतील पितळी वाद्यांच्या गजरांत ती बिचारी बुडूनच जाई.

म्हणून १९३६ सालीं त्याच कंपनीनें ईएस-१५० ही विजेची गिटार आणली. तारांखालीं चुंबक आणि बारीक तारेचें वेटोळें. तारेचा कंप विद्युत्प्रवाह होऊन ध्वनिवर्धकाकडे जाई. चार्ली ख्रिश्चन हा तरुण १९३९ सालीं बेनी गुडमनच्या वाद्यमेळांत आला आणि हीच गिटार घेऊन सॅक्सोफोनवाल्यांच्या बरोबरीनें स्वतंत्र वादन करूं लागला. १९४२ सालीं, अवघ्या २५ व्या वर्षीं, तो निवर्तला. पण गिटार ही केवळ साथीची, ही समजूत त्यानें पुसून टाकली.

येथूनच एक चमत्कारिक पेंच उभा राहिला. सभामंडपांत ध्वनिवर्धक एकाएकीं घों घों करूं लागतो, हें आपण सर्वांनीं अनुभवलें आहे. येथेंही तेंच. कर्ण्यांतून निघालेला आवाज गिटारीच्या पेटीवर आदळे, माथा थरथरे, त्यासरशीं तारा हलत, आणि तो कंप अधिक जोरानें पुन्हां कर्ण्यांतून बाहेर पडे. जी पोकळी इतके दिवस उपकार करीत होती, तीच वैरीण झाली!

मग तिची कांटछांट सुरू झाली. १९४९ च्या ईएस-१७५ चा माथा कोरीव नव्हता. लांकडाचे पातळ थर चिकटवून, दाबून केलेला होता. तो स्वस्त पडे आणि थरथरेही कमी. १९५० सालीं फेंडरनें पोकळीच टाकून देऊन भरीव फळीची गिटार विकावयास काढली. तिच्यांत स्वर लांबतो, घोंघावत नाहीं. मात्र पोकळ पेटींतला तो श्वास माझ्या कानांस तिच्यांत सांपडत नाहीं.

१९५८ ची ईएस-३३५ मला म्हणूनच विशेष शहाणपणाची वाटते. पेटी पावणेदोन इंचांच्या आसपास जाड, मधोमध मेपल लांकडाचा भरीव ठोकळा, आणि दोन्ही बाजूंस पोकळी तशीच. छिद्रेंही खरीं. उलट, ग्रेच कंपनीनें चेट अ‍ॅटकिन्सच्या नांवानें काढलेल्या कांहीं गिटारींचा माथा बंद असून त्यावर छिद्रांचीं नुसतीं चित्रें होतीं. मिशी काढून कोळशानें रेखावी, तसा हा प्रकार!

ठोकळा घालूनही घोंघावणें पुरतें थांबलें नाहीं. बी. बी. किंग आपल्या गिटारीच्या छिद्रांत कापडाचे बोळे कोंबून वाजवीत असे. अखेर १९८० सालीं गिब्सननें त्याच्यासाठीं ‘ल्यूसिल’ गिटार केली, तेव्हां तिच्या माथ्यावर छिद्रें ठेवलींच नाहींत.