गरोदरपणातली साखर

घरात सून गरोदर राहिली की तिला दोन जिवांचं खायला घालायची आपल्याकडे रीतच आहे. त्यामागची माया खोटी नाही. पण याच काळात रक्तातली साखर वाढू शकते, आणि बहुतेकींना त्याचं एकही लक्षण जाणवत नाही. कळायला मार्ग एकच, तपासणी.

बदलापूर पूर्वेच्या खरवईतून माझ्याकडे येणाऱ्या बायका आधी विचारतात, "डॉक्टर, उपाशीपोटी यायचं का?" कुणी पहाटे डबे करून लोकल गाठणारी, कुणाच्या घरी लहान मूल. उपाशी राहायचं म्हटलं की तपासणी पुढे ढकलली जाते आणि मग राहूनच जाते. त्यांना मी सांगते, खाऊन आलात तरी चालेल.

चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही सोपी पद्धत लावून धरली. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त भरली, तर तो गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्याच भेटीत करावी आणि ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. कारण गर्भ वाढतो तशी वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. सरकारी केंद्रांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिचा लाभ जरूर घ्या.

आईची जादा साखर वारेतून बाळाकडे जाते. बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त बनवू लागतं आणि प्रमाणाबाहेर वाढतं. बाळंतपण अवघड होतं. जन्मल्यावर आईकडून येणारी साखर थांबते, इन्सुलिन मात्र जास्तच असतं, म्हणून बाळाची साखर एकदम उतरू शकते. अशा बाळाला पहिल्या तासाभरात अंगावर पाजणं फार महत्त्वाचं.

निदान झालं म्हणून घाबरू नका. पुष्कळ जणींची साखर आहारानेच आटोक्यात येते. उपाशी मात्र राहायचं नाही. थोडं थोडं, वेळेवर खायचं. भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे आपलं रोजचंच जेवण, भात बेताचा. साखर बंद करून गूळ खाल्ला तर काहीच साधत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर जेवणानंतर चालावं. दोन आठवड्यांनी जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली नाही, तर औषध किंवा इन्सुलिन लागतं. सासूबाईंना भीती वाटते, इंजेक्शन बाळाला बाधेल. आईचं इन्सुलिन वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही.

बाळंतपणानंतर साखर बहुधा पूर्ववत होते, आणि इथेच घात होतो. पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका या स्त्रियांना इतरांपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून सहा आठवड्यांनी, या वेळी मात्र उपाशीपोटी, पुन्हा तपासायला हवं आणि पुढे दरवर्षी. घरच्यांना माझी विनंती आहे, बाळाला दीड महिन्याच्या लशीला न्याल तेव्हाच त्याच्या आईचीही साखर तपासून घ्या.