राखणीच्या कुत्र्याचा कान वाहतोय? औषध पुरतं करा

गाई-म्हशींच्या आजारांबद्दल आपण नेहमी बोलतो. आज राखणीच्या कुत्र्याबद्दल थोडं सांगणार आहे. रात्री रानडुक्कर ज्वारीत शिरलं की आपल्याआधी त्याला चाहूल लागते, ती कानानं. तेव्हा कुत्र्याचा कान गेला तर राखण गेली असंच समजा.

कुत्रा सारखं डोकं झटकतो, पायानं कान खाजवतो, मान कलती धरतो, कानाला घाण वास येतो, हात लावू देत नाही. ही कान बिघडल्याची लक्षणं. कारणं मात्र निरनिराळी असतात. चहाच्या चोथ्यासारखा काळसर, कोरडा मळ असेल तर बहुधा डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे असतात. तेलकट, तपकिरी मळ असेल तर बुरशीचा संशय घ्यावा. पू येत असेल तर जंतूंची लागण असू शकते. कधी गवताचं कुसळ किंवा गोचीडही आत अडकलेली असते.

मावा आहे की करपा, हे पाहिल्याशिवाय आपण फवारणी करत नाही. इथंही तसंच. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते व मग आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे असतो, तो आपल्याला दिसत नाही. पशुवैद्य उपकरण घालून तो तपासतात. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखं औषध आत गेलं तर कुत्रा बहिरा होऊ शकतो. म्हणून शेजाऱ्याकडचं उरलेलं औषध वापरू नका. गरम तेल, रॉकेल, फिनेल, पिकावरचं कीटकनाशक तर कानात कधीच घालू नका.

डॉक्टरांनी थेंब लिहून दिले की असं करा :

१) बाटली थोडा वेळ मुठीत धरा. गार थेंबानं कुत्रा बिथरतो.
२) कानाची पाळी हळूच वर धरून सांगितले तेवढेच थेंब सोडा.
३) कानाच्या मुळाशी बाहेरून हलकेच चोळा, मग त्याला डोकं झटकू द्या.
४) बाहेर आलेला मळ कापसानं पुसा. काडी आत घालू नका.

आता सर्वांत महत्त्वाचं. दोन-तीन दिवसांत खाज थांबते. कुत्रा बरा झाला असं वाटून आपण औषध बंद करतो आणि तिथंच फसतो. उरलेले जंतू पुन्हा वाढतात, मग तेच औषध लागू पडेनासं होण्याचा धोका असतो. किड्यांचा अंड्यापासूनचा जीवनक्रम सुमारे ३ आठवड्यांचा असतो, त्यामुळे उपचार मध्येच सोडला तर नवी पिढी तयार होते. हे किडे एका जनावरावरून दुसऱ्यावर जातात, म्हणून घरातली इतर कुत्री-मांजरंही दाखवा. सांगितलेले सगळे दिवस औषध द्या आणि कान पुन्हा तपासून घ्या.

दुखऱ्या कानाला हात लावताना गरीब कुत्राही चावतो. एकानं त्याला धरावं, दुसऱ्यानं औषध घालावं. दात लागलाच तर जखम साबण व वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. कुत्र्यालाही ही लस दरवर्षी टोचून घ्या.

आज संध्याकाळी भाकरी घालताना त्याचे दोन्ही कान एकदा उलटून बघा. वास आला तर उद्याच दवाखाना गाठा.