सुरतेची स्वारी आणि मुठीतील रणांगण

सुरतेहून हजीऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तापीच्या पलीकडे, इच्छापोर लागते. ह्या गावाच्या आसपास आज कारखान्यांच्या वसाहती आहेत, हिरे आणि जवाहीर यांच्या उद्योगासाठी राखलेली जागा आहे आणि पश्चिमेकडे गेले की सुवालीचा किनारा आहे. सतराव्या शतकात इंग्रजांची गलबते तेथे नांगर टाकीत असत. दिवसाची पाळी सुटली की येथील तरुण मंडळी चौघाचौघांनी ओट्यावर बसतात. नजर प्रत्येकाची आपापल्या मोबाइलवर. बोलणे मात्र एकमेकांशी चाललेले. कोण कोणत्या बाजूला आहे, धूर कोणी टाकावयाचा, गोळ्या कोणाजवळ उरल्या आहेत, अशी ती भाषा असते. रस्त्याने जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा निव्वळ पोरखेळ वाटतो. परंतु त्या चौघांपुढे जो प्रश्न असतो तो मात्र फार जुना आणि मोठ्या सेनापतींनाही न चुकलेला आहे. लढाईला निघताना बरोबर काय घ्यावे आणि काय मागे ठेवावे, हा तो प्रश्न होय. खेळाडू ह्या निवडीला ‘लोडआउट’ म्हणतात. मराठीत तिला ‘सरंजाम’ म्हणावयास हरकत नाही.

बंदुकांचे हे खेळ सरंजामाच्या दृष्टीने दोन जातींचे आहेत, आणि त्यांतील भेद मराठी माणसाला समजावून सांगण्यास इंग्रजीची गरज पडू नये. शिवकालीन घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन वर्ग होते. शिलेदार आपला घोडा आणि आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. ‘कॉल ऑफ ड्यूटी मोबाइल’ हा २०१९ च्या ऑक्टोबरात आलेला खेळ शिलेदारी पद्धतीचा आहे. त्यात सामना सुरू होण्यापूर्वीच खेळाडू आपली मुख्य बंदूक, जोडीचे दुसरे हत्यार, हातबाँब आणि अंगचे विशेष गुण निवडून ठेवतो. उलट ‘पबजी’ आणि त्याची भारतीय आवृत्ती ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ यांत खेळाडू विमानातून रिकाम्या हाताने उडी टाकतो. चोहोबाजूंनी आठ किलोमीटरांच्या बेटावर शंभर जण उतरतात आणि जे सापडेल ते उचलून लढतात. येथे सरकारचा घोडासुद्धा नाही. घरोघरी पडलेल्या सामानाला खेळाडू जगभर ‘लूट’ म्हणतात. हा शब्द इंग्रजांनी हिंदुस्थानात उचलला, आपल्या कोशात घातला आणि आता तो ह्या खेळांबरोबर सुरतेच्याच ओट्यावर परत आला आहे. शब्दांचाही प्रवास असतो तो असा.

सुरतेचे नाव आले की १६६४ सालची स्वारी आठवल्याखेरीज राहत नाही. त्या वर्षीच्या ६ जानेवारीस शिवाजी महाराज शहरावर आले. उधन्यास त्यांचा मुक्काम पडला. ज्या उधन्यात आज खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या हजारो कुटुंबांची अहिराणी कानावर पडते, तेच हे उधना. ह्या स्वारीतील धाडस सर्वांच्या तोंडी आहे. तिच्यातील सरंजामाचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. मोगलांचे लष्कर निघाले म्हणजे तंबू, तोफा, हत्ती, बाजारबुणगे यांचे एक चालते शहरच निघे. महाराजांनी वेढ्याच्या तोफा बरोबर आणल्या नाहीत. त्या आणल्या असत्या तर घोडदळाची चाल मारली गेली असती आणि सुरतेला दहा दिवस आधी खबर लागली असती. परंतु तोफा न आणण्याची किंमतही होतीच. सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला तेव्हा महाराजांनी तो किल्ला घेण्याचा हट्ट धरला नाही. इंग्रज आणि वलंदेज यांनी आपापल्या वखारी नेटाने राखल्या, त्यांच्यावरही शक्ती खर्च केली नाही. सोने, रुपे, मोती, रत्ने असे जे घोड्यावर वाहता येईल त्याच्यावर भर ठेवला, आणि १० जानेवारीस मोगल फौज येत असल्याची वार्ता कळताच कूच केले. काय करावयाचे ते अगोदर ठरले, त्यावरून सामान ठरले. आणि जे सामान बरोबर नव्हते त्याचे काम अंगावर घेतले नाही.

इच्छापोरच्या ओट्यावरील नवखा खेळाडू नेमके ह्याच्या उलट करतो. बेटावर उतरताच तो दिसेल ते उचलू लागतो. दूरच्या माऱ्याची बंदूक मिळाली, ती घेतली. जवळच्या माऱ्याची मिळाली, तीही घेतली. तीन जातींच्या गोळ्या, चार दुर्बिणी, न लागणारी नळकांडी, असे करता करता पिशवी भरून जाते. आणि जेव्हा मलमपट्टीची पेटी समोर पडलेली दिसते तेव्हा तीत जागा नसते. पिशवी तीन प्रतींची असते, तिसरी सर्वांत मोठी. पण मोठी पिशवी मिळाली की खेळाडूचा लोभही तिच्या मापाने वाढतो. गोळ्यांना वजन आहे आणि ७.६२ मापाच्या गोळ्या ५.५६ पेक्षा जागा अधिक खातात. म्हणून जाणते खेळाडू गोळ्यांचा आकडा आधीच ठरवून टाकतात. चौघांच्या तुकडीत दर माणशी मुख्य बंदुकीच्या दीडशे-दोनशे गोळ्या बहुधा पुरेशा होतात. कारण इतक्या गोळ्या झाडून संपेपर्यंत एक तर शत्रू मेलेला असतो आणि त्याची पिशवी हाती येते, किंवा गोळ्यांची गरजच उरलेली नसते.

बंदुकीच्या निवडीबद्दल ओट्यावर जो वाद चालतो तो पुष्कळसा नावावरून चालतो. एकेएमची एक गोळी एम ४१६ च्या गोळीहून जास्त घाव करते, हे खरे. परंतु एकेएम हातात फार उसळते आणि ती उसळी आवरण्यासाठी लागणारी पुढची मूठ तिला बसत नाही. एम ४१६ ला मूठ, दस्ता, तोंडावरचे नळकांडे, वाढीव गोळ्यांची पेटी आणि दुर्बीण ही सारी जोड लागते. ज्याचा हात बसलेला आहे त्याने पहिली घ्यावी. ज्याच्या दहा गोळ्यांपैकी सात आभाळात जातात त्याने दुसरी घ्यावी. जी गोळी लागत नाही तिचा घाव कितीही मोठा असला तरी काय उपयोग? दोन्ही बंदुका एकाच मापाच्या गोळीच्या ठेवल्या तर पिशवीचा हिशेब सोपा होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात उशिरा येते.

मलमपट्टीचे प्रकरण तर बंदुकीहून महत्त्वाचे आहे. पहिल्या उपचाराची पेटी जीवशक्ती पंच्याहत्तरपर्यंतच आणते. त्यापुढे जाण्यासाठी उत्तेजक पेये आणि वेदनाशामक गोळ्या लागतात, आणि त्यांनी पायांनाही वेग येतो. खेळाचे वर्तुळ आकसत जाते तेव्हा शेवटच्या काही मिनिटांत ह्याच वस्तूंवर माणूस तगतो. तीच गोष्ट धुराच्या बाँबची. त्याने कोणी मरत नाही म्हणून नवखा खेळाडू तो उचलीत नाही. परंतु उघड्या माळावर पडलेल्या सोबत्याला उठवावयाचे असेल तर धुरावाचून दुसरा आडोसा नाही. चिलखत आणि शिरस्त्राण यांच्याही तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीचे चिलखत घावाचा तीस टक्के भाग अडवते, दुसऱ्या प्रतीचे चाळीस आणि तिसऱ्या प्रतीचे पंचावन्न. ते मारा सोसून झिजते आणि अखेर निकामी होते, म्हणून त्याच्याकडे वरचेवर पाहावे लागते. येथेच स्वयंपाकघरातल्या तव्याचीही नोंद घेतली पाहिजे. पाठीवर लटकवलेला तवा मागून येणारी गोळी खरोखरच अडवतो, आणि त्याला पिशवीत जागा लागत नाही. खेळ रचणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी अशी ही एकच गोष्ट नव्हे. पण ती सर्वांत उपयोगी खरी.

येथपर्यंतचा विचार एकट्याचा झाला. परंतु हे खेळ चौघे मिळून खेळतात आणि सरंजाम चौघांचा मिळून एक असावा लागतो. सभासदाच्या बखरीत घोडदळाची जी रचना वर्णिली आहे तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार आहे आणि त्या पंचविसांमागे एक पखालजी व एक नालबंद आहे. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा ह्या दोघांच्या हातून तलवारीचा एकही वार व्हावयाचा नसतो. पण त्यांच्यावाचून पंचवीस घोडी चार मजलाही नीट चालणार नाहीत. चौघांच्या तुकडीत असा पखालजी कोणीच होऊ पाहत नाही. प्रत्येकाला सर्वांत पुढे धावून बळी मोजावयाचे असतात. ज्या तुकड्या स्पर्धांमध्ये वर येतात त्यांत एक जण हुकूम देणारा असतो, एक-दोघे घुसणारे असतात, एक लांबून टेहळणी करून मारणारा असतो आणि कोणी तरी धुराचे बाँब, जादा पट्ट्या आणि इतरांना लागणाऱ्या गोळ्या वाहणारा असतो. बळींच्या यादीत त्याचे नाव खाली राहते. लांबून मारणाऱ्याने गोळ्या कमी घेऊन दुर्बिणी व पट्ट्या जास्त घ्याव्यात. घुसणाऱ्याने बाँब आणि चांगले चिलखत घ्यावे. तिसऱ्या प्रतीचे चिलखत ज्याला प्रथम सापडले त्याने ते आपल्याच अंगात ठेवणे हा रिवाज आहे, पण तो शहाणपणाचा नव्हे. दारातून जो पहिला आत शिरणार त्याच्या अंगावर ते हवे.

शिलेदारी जातीच्या खेळात हाच विचार सामन्यापूर्वी शांतपणे करता येतो, ही त्याची सोय. आणि सामन्याला गेल्यावर सबब सांगता येत नाही, ही अडचण. ‘कॉल ऑफ ड्यूटी’मध्ये एका बंदुकीला पाच जोड लावता येतात. येथे प्रत्येक जोड काही देतो आणि काही घेतो. लांब नळीने पल्ला वाढतो, पण बंदूक डोळ्याशी यावयास उशीर लागतो. आवाज दाबणाऱ्या नळकांड्याने जागा उघड होत नाही, परंतु पल्ल्याला खोट येऊ शकते. पाचही जोड पल्ला वाढवणारे लावले की कोपऱ्यावर समोरासमोर गाठ पडताच खेळाडू मेलाच. ज्या सामन्यात एकदा मेलेला फिरून उठत नाही तेथे पावलांचा आवाज लपवणारा ‘डेड सायलेन्स’ हा गुण लाखमोलाचा ठरतो. ज्यात एकच जागा धरून ठेवावयाची असते तेथे चाल लपवून काय करणार? तेथे शत्रूचे बाँब हवेतच फोडणारी ‘ट्रॉफी सिस्टिम’ कामी येते. म्हणून एकच आवडता सरंजाम सगळीकडे मिरवणारा शिलेदार कच्चा समजावा. पुण्याच्या सुपरगेमिंग संस्थेने प्रथम ‘मास्कगन’ आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ‘इंडस’ हे बंदुकीचे खेळ आणले. त्यांतही निवडीचे हे गणित सुटत नाही.

आता पैशाविषयी. ह्या खेळांत बंदुकीला सोनेरी, आगीच्या ज्वाळांचे, बर्फाचे असे वेष विकत मिळतात. पुष्कळदा ते थेट विकत मिळतही नाहीत. पेट्या उघडाव्या लागतात आणि हवा तो वेष निघेल की नाही हे दैवावर असते. ‘बॅटलग्राउंड्स’मध्ये अशा वेषाने गोळीच्या घावात तिळमात्र फरक पडत नाही. शत्रू पडला म्हणजे निराळी अक्षरे दिसतात, त्याच्या सामानाची पेटी निराळी दिसते, एवढेच. तरीही महिन्याच्या पगारातून किंवा वडिलांच्या खात्यातून त्यावर पैसा जातो, आणि ज्वाळांची बंदूक हाती असणारा आपणांस बळकट समजून चौघांच्या पुढे धावतो. शिवाजी महाराजांच्या लष्करात स्वारीला निघताना प्रत्येकाच्या वस्तूंची यादी होई आणि परतल्यावर झडती घेतली जाई; अधिक निघालेला माल सरकारजमा होई. इच्छापोरच्या ओट्यावर ही झडती घेणारा कोणी नाही. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी ‘पबजी’वर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना अटकही केली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने तो खेळच देशातून बंद केला. २०२१ च्या जुलैत भारतीय आवृत्ती आली, २०२२ च्या जुलैत ती दुकानातून काढली गेली आणि २०२३ च्या मे महिन्यात परत आली. ह्या सगळ्या हुकुमांत खेळावे की न खेळावे याचा विचार झाला. खेळणाऱ्या मुलाने काय विकत घ्यावे आणि काय घेऊ नये, हे त्याला समजावून सांगणे घरच्या माणसांकडेच राहिले. आणि घरच्या माणसांना ज्वाळांची बंदूक आणि साधी बंदूक यांतला फरक ठाऊक नसतो. तो फरक काहीच नाही, एवढे कळले तरी बरेच रुपये घरात राहतील.

पैसे न देता सरंजाम सुधारण्याची जागा खेळातच आहे. ‘बॅटलग्राउंड्स’मध्ये सरावाचे एक मैदान ठेवलेले असते. तेथे सर्व बंदुका आणि सर्व जोड फुकट मांडलेले असतात, आणि कोणी मारावयास येत नाही. एक बंदूक घ्यावी, भिंतीपासून पन्नास पावलांवर उभे राहावे आणि पेटीतल्या तीसही गोळ्या एका दमात झाडून भिंतीवरच्या खुणा पाहाव्यात. मग एकच जोड बदलावा आणि फिरून झाडाव्यात. दोन जोड एकदम बदलले तर सुधारणा कोणामुळे झाली हे कळावयाचे नाही. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात बळी मिळत नाहीत, आणि सोबत्यांना दाखविण्यासारखे काही हाती लागत नाही. म्हणून ते मैदान बहुधा रिकामेच असते.