धमनीचे मोजमाप आणि आपली शिष्यवृत्ती
(कुणकेश्वर येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या शिष्यवृत्तीच्या संदर्भात एका अपरिचित शिक्षणाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपल्या भागात कोणाच्या छातीत वरचेवर दुखू लागले की तो घाट चढून कोल्हापूरला, नाहीतर गोव्यात बांबोळीला जातो. अँजिओग्राफी होते आणि कागदावर येते, '७० टक्के अडथळा'. स्टेंट घालावयाचा की नाही, हे कुटुंबाने तिथल्या तिथे ठरवावयाचे! हा आकडा पुष्कळदा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. ठाणात किती कापड उरले ते मीही नजरेने सांगतो. बिल करताना मात्र मीटरपट्टी लावावीच लागते.

अशी पट्टी धमनीसाठीही आहे. नेदरलँड्समधील डॉ. निको पाइल्स आणि बेल्जियममधील डॉ. बर्नार्ड डी ब्रुईन यांनी १९९० च्या दशकात ती रूढ केली. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक तार अडथळ्यापलीकडे नेऊन, औषधाने रक्तप्रवाह वाढवून तेथील दाब मोजतात व त्यास महाधमनीतील दाबाने भागतात. उत्तर ०.८० वा त्याहून कमी आले, तर प्रवाह खरोखर अडला आहे असे मानतात. अधिक आले, तर बहुधा औषधांवर भागते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात १,००५ रुग्ण होते. नुसते चित्र पाहून उपचार केलेल्यांना सरासरी २.७ स्टेंट लागले, मोजून केलेल्यांना १.९. वर्षभरात मृत्यू, झटका किंवा पुन्हा शस्त्रोपचार यांचे प्रमाण पहिल्या गटात १८.३ टक्के, तर दुसऱ्यात १३.२. खर्च कमी आणि लाभ अधिक, असा ताळेबंद व्यापारात क्वचितच पाहावयास मिळतो. अर्थात तीव्र झटका आलेला असताना बंद धमनी प्रथम उघडावी लागते. तेथे मोजण्यात वेळ दवडून चालत नाही.

२०१७ साली शासनाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली. भाव बांधला गेला. गरज आहे की नाही, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवावयाचे राहिले.

एम.बी.बी.एस., एम.डी. आणि डी.एम. मिळून अकरा-साडेअकरा वर्षे जातात. त्यानंतर साधारण वर्षभराची ही फेलोशिप. तारेचा शून्यांक सरकला किंवा नळीचे तोंड धमनीत घट्ट बसले, तर आकडा फसवा येतो. प्रकाशकिरणांनी धमनी आतून पाहण्याच्या ओसीटी तंत्रात स्टेंट भिंतीला नीट टेकला की नाही, हे वाचावे लागते. हे ग्रंथांतून येत नाही. जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते. तोवर विद्यार्थी तिशी ओलांडतो, संसारी होतो आणि आपल्या अर्जातील वयोमर्यादेबाहेर जातो.

म्हणून माझी सूचना अशी : पदवीनंतरच्या अशा प्रशिक्षणासाठी वयाची अट शिथिल करावी आणि दरवर्षी एका उमेदवारास साहाय्य द्यावे. त्याने कायम येथेच राहावे अशी अट मी घालणार नाही, ती कोणी पाळतही नाही. महिन्यातून एक दिवस देवगड भागात येऊन रुग्णांचे कागद व अँजिओग्राफीच्या सीडी विनामूल्य तपासाव्यात, एवढेच लिहून घ्यावे. हा ठराव मी पुढील वार्षिक सभेत मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे.