रिक्षाचं भाडं: बसण्याआधी हिशेब

रात्री उशिराच्या लोकलने कल्याणला किंवा डोंबिवलीला उतरलात की स्थानकाबाहेर आधी ऐकू येतं, "कुठे जायचं?" ठिकाण सांगितलं की लगेच आकडा: शंभर, दीडशे. मग घासाघीस. हातातलं सामान, कडेवरचं मूल आणि पाऊस पाहून तो आकडा चढतो, हे मला मुळीच पटत नाही.

ठाण्यात मीटर पडतो तरी. कल्याण-डोंबिवलीत मात्र शेअर रिक्षाचीच सवय. तिथे माणशी भाडं ठरलेलं असतं, वाद फारसा होत नाही. वाद होतो तो ‘स्पेशल’ रिक्षा करताना.

म्हणून दर पाठ असू द्या. मुंबई महानगर प्रदेशात 1 फेब्रुवारी 2025पासून लागू झालेल्या दरानुसार रिक्षाचं पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं 26 रुपये, पुढे किलोमीटरमागे 17 रुपये 14 पैसे. म्हणजे चार किलोमीटरचे साधारण 69 रुपये. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच पंचवीस टक्के जादा. हाच दर ठाण्यालाही आणि कल्याणलाही.

चालकाचीही बाजू आहे. सीएनजी महागला, परतीचं भाडं मिळेलच असं नाही. पण त्यावर उपाय अधिकृत दरवाढ हा आहे, अडलेला प्रवासी नव्हे.

तेव्हा आधी मीटर टाकायला सांगा. नकार आला, तर रिक्षाचा क्रमांक टिपून परिवहन कार्यालयाकडे किंवा वाहतूक पोलिसांकडे तक्रार जरूर करा.