नाशिकहून परत गेलेली माणसं



तुर्भ्याहून आम्ही बोलतोय. हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

नाशिकचा शरणपूर रोड तुमच्यातल्या पुष्कळ जणींना माहीत असेल. दीडशे वर्षांपूर्वी त्या शरणपुरात आफ्रिकेतली मुलं राहत होती. पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडायची, गलबतात कोंबायची आणि अरबस्तानाकडे नेऊन विकायची, असा तेव्हा धंदाच होता. इंग्रजांच्या आरमारानं असं गलबत अडवलं की त्यातली काही मुलं मुंबईत उतरवली जात. पुढे त्यांतली बरीच शरणपूरच्या मिशनमध्ये पोचली. तिथं ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली.

सुटका झाली, पोटापाण्याचं जमलं, तरी मागे राहिलेल्यांना ती विसरली नाहीत. विल्यम जोन्स नाशिकहून निघून १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या रबाईला गेले. पुढे मालकांच्या तावडीतून पळालेले बायाबापडे तिथं आसऱ्याला येऊ लागले. १८८८ मध्ये मालकांनी त्यांना परत मागितलं. वाटाघाटी झाल्या, मालकांना पैसे चुकते झाले आणि १ जानेवारी १८८९ ला हजारावर माणसांना मुक्तीचे कागद मिळाले.

१८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली, फ्रीअरटाउन. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव तिला दिलेलं. ती उभारायला मुंबई-नाशिकहून गेलेले हे लोकच पुढे होते. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की तिथं घंटा वाजे. ती घंटा आजही आहे.

१८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ आलं. गुलामी उठवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं. लांबच्यांची सुटका आपलीही आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता आपलं बोलू. वीटभट्टी, दगडखाण, ऊसतोड इथं मुकादम आधी उचल देतो. मग ती फिटतच नाही. हिशेब त्याच्याच वहीत, आणि माणसाला गावी जायची सोय नाही. अंगठा नवऱ्याचा, राबणं मात्र बायको-पोरांचंही. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा सांगतो, असं कर्ज रद्द. ते फेडायचं नाही, आणि त्यासाठी कुणाला अडकवून ठेवणं हा गुन्हा. तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत कचेरीत करता येते. दुसऱ्या कुणी केली तरी चालते.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. तुमच्यापैकी कुणी असल्या उचलीतून सुटली असेल, तर वाट तिला माहीत आहे. ती शेजारणीला सांगा, कचेरीत तिच्यासोबत जा. आपल्यातलीच एक सोबत असली की पाऊल उचलायला धीर येतो.